विश्लेषण : तीस मुलांची ‘स्टारी नाइट’ एकसारखीच कशी? थोर चित्रकारांवरून प्राथमिक शाळेत नेमके काय शिकवता येते?

व्हॅन गॉग आणि कँडिन्स्की मोबाइलवर सहज सापडतात. पण रायगडच्या मुलांसाठी सासवण्याचे करमरकर, नागावचे बरवे आणि पेणचे गणपती कारखाने त्याहून जवळ आहेत. त्यांच्यापासून सुरुवात केली तर चित्रकलेच्या तासाला काय बदलते?

पनवेल-रोहा मार्गावर पेण मागे पडले की पुढचे स्थानक कासू. एका बाजूला भातखाचरे आणि खाडीकडे पसरलेला खारेपाट, दुसऱ्या बाजूला डोंगरपायथ्याच्या वाड्या, मधून मुंबई-गोवा महामार्ग. अशा गावातल्या प्राथमिक शिक्षकाच्या मोबाइलवरही ‘थोर चित्रकारांवर आधारित प्रकल्प’ शोधले की काही सेकंदांत शेकडो नमुने येतात. व्हॅन गॉगचे भोवऱ्यांचे आकाश, कँडिन्स्कीची वर्तुळे, माँद्रियानचे लाल-पिवळे-निळे चौकोन. नमुना दाखवायचा, मुलांनी तसाच काढायचा, तीस कागद भिंतीला लावायचे आणि फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. फोटो छान येतो. नीट पाहिले तर तीसही चित्रे एकाच हाताने काढल्यासारखी असतात.

म्हणून प्रश्न असा, की या तासात मूल काय शिकले? आणि शाळा कासूसारख्या गावात असेल, तर ‘थोर चित्रकार’ म्हणून त्याला आधी कोण भेटायला हवे?

या प्रकल्पांची कल्पना आली कुठून?

कल्पना मुळात वाईट नाही. एखादा चित्रकार निवडायचा, त्याची एक पद्धत समजून घ्यायची आणि त्या पद्धतीने स्वतःचे काहीतरी करून पाहायचे. सर्वात लोकप्रिय उदाहरण कँडिन्स्कीचे. कागदाच्या घड्या घालून बारा चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात एकात एक वर्तुळे रंगवायची. लहान मुलांना जमते, रंग कमी लागतात, अर्ध्या तासात होते.

हे चित्र १९१३ चे. पण कँडिन्स्कीने ते ‘कलाकृती’ म्हणून केलेलेच नव्हते. एका रंगाशेजारी दुसरा रंग ठेवला की तो कसा बदलतो, हे पाहण्यासाठी केलेला तो रंगांचा सराव होता. आकार जेमतेम वहीच्या पानाएवढा. म्हणजे वर्तुळे हे उत्तर होते. प्रश्न होता, पिवळ्याशेजारी जांभळा ठेवला तर पिवळा कसा दिसतो आणि पांढरा ठेवला तर कसा? शाळेत येईपर्यंत प्रश्न गळून पडतो आणि वर्तुळे तेवढी उरतात. मुलांना सांगितले जाते, ‘गोल काढा, रेषेबाहेर रंग जाऊ देऊ नका.’

तेच व्हॅन गॉगचे. ‘स्टारी नाइट’ त्याने जून १८८९ मध्ये फ्रान्समधल्या सॅं-रेमी इथल्या मनोरुग्णालयात असताना रंगवले. आकाश स्थिर नाही, वाहते आहे, हे त्याने ब्रशच्या तुटक, वळणदार फटकाऱ्यांतून दाखवले. मुलाला यातून घेण्यासारखे आहे ते ‘फटकाऱ्याला दिशा असते’ हे. मग त्या दिशेने कासूच्या मुलाने सरूचे युरोपीय झाडच का काढावे? आषाढात खाचरावरून तिरका येणारा पाऊस, वाऱ्याने एका बाजूला झुकलेली आवणाची रोपे, पुलाखालून वेगाने जाणारे गढूळ पाणी, सगळ्यांनाच दिशा आहे.

नक्कल करणे म्हणजे चूक का?

इथे थोडे थांबायला हवे, कारण ‘नक्कल नको’ असे सरसकट म्हणणेही खरे नाही. स्वतः व्हॅन गॉगने १८८७ मध्ये जपानी चित्रकार हिरोशिगेच्या पावसातल्या पुलाच्या चित्राची नक्कल तैलरंगात केली होती. मिलेच्या शेतकऱ्यांच्या चित्रांवरून तर त्याने अनेक चित्रे केली. आपल्याकडे सुतार, सोनार, मूर्तिकार, गवई हे सगळे आधी नक्कल करूनच शिकत आले. नकलेतून हात तयार होतो.

फरक वयाचा आणि हेतूचा आहे. चित्रकला-शिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. साधारण सात ते नऊ या वयात मुलाची स्वतःची चित्रभाषा ठरलेली असते. घर असे, माणूस असा, खाली जमिनीची रेघ, वर आकाशाची पट्टी. महत्त्वाची व्यक्ती मोठी आणि बाकीचे छोटे. आजी दारापेक्षा उंच असते, कारण ती आजी आहे. पुढे नऊ ते बाराच्या दरम्यान मूल स्वतःच्या चित्राकडे मोठ्यांच्या नजरेने पाहू लागते आणि ‘हे खऱ्यासारखे नाही’ म्हणून नाराज होते. ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य याच वयात पहिल्यांदा ऐकू येते आणि अनेकांच्या बाबतीत जन्मभर टिकते.

नेमक्या याच वयात, म्हणजे तिसरी ते पाचवीत, आपण त्यांच्यासमोर जगातली सर्वात गाजलेली चित्रे ठेवतो आणि म्हणतो, असे काढा. चांगल्या हाताची चार मुले खूश होतात. उरलेल्यांना आपल्याला येत नसल्याचा पुरावा मिळतो.

महाराष्ट्रात याचा विचार फार आधी झाला आहे. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद १९४४ ते १९६२ या काळात वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला नयी तालीमच्या शाळेत कलाशिक्षक होते. मुलांची चित्रे मोठ्यांच्या मापाने मोजू नयेत, ही त्यांची भूमिका होती. शिक्षणाचा पाया म्हणून कलेकडे पाहणारे त्यांचे पुस्तक आजही शिक्षकांना वाचनीय वाटेल. त्या शाळेकडे साधने फार नव्हती, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

शाळेत चित्रकलेचा शिक्षक का नसतो?

पालकांना पडणारा हा साधा प्रश्न, आणि त्याचे उत्तर कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तीही पटसंख्या शंभरच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीसाठी तशी वेगळी तरतूद नाही. तिथे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हा निकष. म्हणजे गावातल्या छोट्या शाळेत दोन शिक्षक पाच इयत्ता सांभाळतात. मराठी, गणित, परिसर अभ्यास, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि मग चित्रकला. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास मिळाला तर मिळाला.

कागदावर चित्र बरे आहे. बालभारतीचे ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक कला, कार्यानुभव आणि खेळ यांच्यासाठीच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात इतर विषय कलेच्या आधाराने शिकवण्यावर भर आहे. एनसीईआरटीने तिसरीसाठी ‘बांसुरी’ नावाचे कलेचे पाठ्यपुस्तक काढले. पण पुस्तक आले म्हणून तास मिळतोच असे नाही. पुढे हायस्कूलमध्ये एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा येतात, त्यातल्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. मग चित्रकला अचानक सगळ्यांना आठवते. तोवर ‘मला येत नाही’ म्हणणाऱ्यांनी पेन्सिल ठेवून दिलेली असते.

याचा अर्थ असा, की प्राथमिक शाळेसाठी सुचवलेला कोणताही प्रकल्प चित्रकला न शिकलेल्या शिक्षकाला, एकाच खोलीत बसलेल्या दोन-तीन इयत्तांना आणि जवळजवळ शून्य खर्चात जमायला हवा. पेण तालुक्यात आणखी एक अट आहे. कातकरी वाड्यांवरची अनेक कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर जातात. चार आठवड्यांचा प्रकल्प लावला तर त्यातली मुले मधूनच गळतात आणि भिंतीवरच्या प्रदर्शनात त्यांचे नाव नसते. एका बैठकीत पुरे होणारे काम त्यांच्यासाठी न्याय्य.

सासवण्याचा मुलगा आणि देवळाची भिंत

आता जवळच्या चित्रकारांकडे. अलिबाग-मांडवा रस्त्यावरचे सासवणे हे गाव. इथे २ ऑक्टोबर १८९१ रोजी विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. घरात गणपतीच्या मूर्ती होत, त्यामुळे मातीची ओळख लहानपणीच झाली. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने शिवाजी महाराजांचे चित्र काढले. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते नजरेस पडले आणि त्यांनी मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवण्याची व्यवस्था केली. पुढे कलकत्ता, मग लंडन. पुण्यातला १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा हे त्यांचे सर्वात गाजलेले काम.

ही गोष्ट मुलांना सांगताना आपण बहुतेक वेळा कलेक्टरवर भर देतो. कोणीतरी मोठा माणूस आला आणि भाग्य उजळले. मला यातली भिंत जास्त महत्त्वाची वाटते. मुलाने भिंतीवर काढले आणि कोणी ते लगेच पुसून टाकले नाही.

करमरकरांचे सासवण्याचे घर आता शिल्पसंग्रहालय आहे. शंभराहून अधिक शिल्पे तिथे पाहता येतात. त्यात पुढारी आणि राजे आहेतच, पण गावातली माणसे, कोळणी आणि जनावरेही आहेत. साध्या सिमेंटमध्ये केलेली म्हैस पाहून मुले हमखास थबकतात. म्हैस ओळखीची असते. तिचा पुतळा होऊ शकतो हे नवीन असते. पेण परिसरातल्या शाळांच्या सहली किल्ले, समुद्र आणि देवळे करतात. त्याच वाटेवर अर्धा तास इथे थांबता येईल.

प्रकल्प सोपा आहे. शाडू विकत आणायची गरज नाही. शेताच्या बांधाची किंवा तळ्याकाठची चिकण माती आणून खडे काढायचे, भिजवायची, मळायची. माती चालेल की नाही याची परीक्षा एका मिनिटाची. बोटाएवढी जाड वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. तडे गेले तर रेती जास्त आहे. मग प्रत्येकाने रोज दिसणारे एक जनावर करायचे. अट एकच, ते चारही बाजूंनी दिसले पाहिजे. शिक्षकाने विचारायचे, ‘मागून कशी दिसते? बसलेली असताना पाय कुठे जातात?’ मुलाला उत्तर माहीत नसेल तर त्याने जाऊन म्हैस बघून यायचे. चित्रकलेच्या तासाला मुलाला वर्गाबाहेर पाठवणे हेच इथे शिकवणे.

जाड गोळे वाळताना तडकतात, पावसाळ्यात तर वाळतच नाहीत. म्हणून फोटो काढून माती परत बादलीत टाकलेली बरी. पुढच्या वर्गाला तीच माती.

नागावचे बरवे : किल्ली, पान आणि रिकामी जागा

दुसरे नाव प्रभाकर बरवे. जन्म १९३६, अलिबागजवळचे नागाव. करमरकर त्यांच्या नात्यातलेच. जे. जे. मध्ये शिक्षण, मग अनेक वर्षे वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी, त्यातली काही वाराणसीत. १९९५ मध्ये ते गेले. आधुनिक भारतीय चित्रकलेत त्यांचे नाव मोठे. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ मध्ये त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले. मराठी वाचकांना ते ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकामुळेही माहीत आहेत. पण अलिबाग-पेणच्या शाळांत त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते.

खरे तर प्राथमिक शाळेसाठी याहून योग्य चित्रकार शोधूनही सापडणार नाही. बरव्यांच्या चित्रांत असते काय? एखादे पान, घड्याळ, किल्ली, शिंपला, फळ. अगदी ओळखता येतील अशा वस्तू, पण टेबलावर मांडल्यासारख्या नाहीत. सावली नाही, जवळ-लांब नाही. मोठ्या सपाट जागेत त्या एकमेकींपासून अंतर राखून असतात. आणि पाहणारा विचार करू लागतो, पानाच्या शेजारी किल्लीच का? तैलरंगांऐवजी त्यांनी बरेच काम साध्या एनॅमल रंगांत केले, दाराखिडक्यांना लावतात त्या जातीच्या.

लहान मुलेही वस्तू अशाच काढतात. सावली न देता, सपाट, एकेक सुटी. एरवी आपण त्याला ‘अजून जमत नाही’ म्हणतो. बरव्यांचे चित्र दाखवले की मुलाच्या लक्षात येते, असेही चालते.

प्रकल्प असा. प्रत्येकाने घरातून मुठीत मावतील अशा तीन वस्तू आणायच्या. बटण, सेफ्टी पिन, वालाची शेंग, शिंपला, तुटलेली बांगडी, कुलपाची किल्ली, चिंचोका. आधी काढायचे काहीच नाही. कोऱ्या कागदावर वस्तू ठेवायच्या, हलवायच्या, पुन्हा ठेवायच्या. दोन जवळ आणि एक लांब ठेवली तर काय वाटते? तिन्ही कोपऱ्यात गेल्या तर? शेंग किल्लीपेक्षा मोठी काढली तर? मांडणी पटली की कडेने पेन्सिल फिरवायची आणि रंगवायचे. शेवटी एक ओळ लिहायची, या तिघी इथे का आहेत. ही ओळ मराठीच्या तासातही चालेल.

यात एक अडचण येते आणि ती शिक्षकांकडूनच. आपल्या शाळांत ‘कागद पूर्ण भरलेला हवा’ हा अलिखित नियम आहे. मागची जागा रंगवली नाही तर चित्र अपुरे. स्पर्धांचे परीक्षकही भरगच्च कागदाला झुकते माप देतात. बरव्यांकडे रिकामी जागा हीच चित्राचा अर्धा भाग. तेव्हा मुलाने अर्धा कागद कोरा ठेवला तर ‘हे का नाही रंगवले?’ असे न विचारता ‘हे कोरे ठेवून बरे वाटते का?’ असे विचारून पाहावे. आळसाने सोडलेली जागा आणि ठरवून सोडलेली जागा यांतला फरक मूल स्वतःच सांगते, आणि बहुतेक वेळा खरे सांगते.

वारली म्हणजे फक्त किनार का?

शाळेची भिंत, लग्नपत्रिका, मडके, कुर्ता, सगळीकडे वारली माणसे फेर धरून नाचत असतात. तिसरीतल्या मुलालाही दोन त्रिकोण जोडून माणूस काढता येतो. इतके सोपे झाल्यामुळे ती चित्रे कोणाची, हे मात्र हरवले.

ही मुळात लग्नघरातल्या भिंतीवर, गेरूमातीच्या सारवणावर तांदळाच्या पिठाने काढायची चित्रे आणि ती काढायच्या बायका. मधल्या चौकात पालघट देवी असते. ते सजावटीसाठी नाही, विधीचा भाग आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी ही रेषा लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणली. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर पोहोचले, तेव्हा मशेंचे काम त्यांना दिसले. पुढे मुंबई आणि मग परदेशांत प्रदर्शने झाली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. लहानपणी आई गेल्यानंतर बराच काळ ते बोलत नसत, धुळीत चित्र काढून सांगत, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते.

मशेंच्या कामात फेर आणि तारपा आहेच, पण त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रे पाहावीत. जवळजवळ संपूर्ण चित्र व्यापणारे जाळे, हजारो बारीक रेघा, आणि त्यात माणूस अगदी छोटा. खाडीत पाग फेकणारा माणूस ज्याने पाहिला आहे त्या मुलाला हे लगेच कळते. तारपा मात्र कासूतल्या बऱ्याच मुलांनी प्रत्यक्ष ऐकलेला नसतो. तरी वारली काढायला सांगितले की सगळे तारपाच काढतात.

म्हणून सूचना उलटी द्यावी. त्रिकोणी माणसे नकोत. ‘तुमच्या गावात एकाच वेळी खूप माणसे काय करतात?’ एवढेच विचारावे. आवण, मळणी, गौरीच्या रात्री धरलेला फेर, स्थानकावर गाडीची वाट पाहणारी गर्दी. मग एकच साधन द्यायचे, टोक ठेचलेली बांबूची काडी, आणि एकच रंग, भिजवलेले तांदळाचे पीठ. कागद तपकिरी, किराणा दुकानातल्या पिशवीचा. एकाच रंगात आणि एकाच जाडीच्या रेषेत गर्दी कशी दाखवायची, हा मशेंचा प्रश्न आता मुलांपुढे आला.

आणि हो, खालच्या कोपऱ्यात चित्रकाराचे नाव लिहायचे, ‘मशे यांचे जाळे पाहून’ असे. कोणाकडून काय घेतले हे सांगायची सवय पहिल्यापासून लागलेली बरी.

पेणच्या कारखान्यातला ‘थोर चित्रकार’ कोण?

कासूहून पेण एका स्थानकावर, त्यापुढे हमरापूर. हमरापूर, जोहे, तांबडशेत परिसरात घराघरांत गणपतीचे कारखाने आहेत. इथल्या मूर्ती महाराष्ट्रभर आणि परदेशातही जातात. अनेक मुलांचे आईवडील, काका, मावश्या या कामात आहेत. तरीही ‘तुला माहीत असलेला चित्रकार सांग’ म्हटले की मूल पिकासो म्हणेल, आपल्या मावशीचे नाव घेणार नाही.

कारखान्यात काम वाटलेले असते. साच्यातून मूर्ती काढणारे, जोड बुजवून घासणारे, अंगाचा रंग देणारे, दागिने करणारे. आणि सर्वात मानाची डोळ्यांची आखणी. पेणच्या मूर्तीची ओळख या आखणीत आहे. तिथे पेन्सिलीची खूण नाही, खोडरबर नाही. हात अडखळला तर भाव बदलतो.

शाळा जूनच्या मध्याला सुरू होते तेव्हा कारखाने ऐन हंगामात असतात, म्हणून भेट लवकर ठरवावी किंवा सरळ हंगाम संपल्यावर कारागिरालाच शाळेत बोलवावे. त्यांनी शिकवायचे काही नाही. फक्त फळ्यावर खडूने दहा डोळे काढून दाखवायचे. शांत, हसरे, रागावलेले, झोपाळलेले. मग मुलांनी काडीने आणि काळ्या रंगाने एका कागदावर डोळ्यांच्या वीस जोड्या काढायच्या. खोडायचे नाही, बिघडली तर पुढची. विसाव्या जोडीपर्यंत रेघ बदललेली दिसते. पहिल्या आणि शेवटच्या जोडीभोवती मुलानेच गोल करायचा.

शाडू की प्लास्टर हा वाद मुलांच्या कानावर असतोच. बरीचशी शाडू गुजरातेतून येते, प्लास्टरची मूर्ती हलकी आणि स्वस्त पडते, विसर्जनाचे नियम कडक झाले आहेत आणि या सगळ्यावर इथल्या घरांचे पोट आहे. पाचवीच्या मुलांशी हे बोलता येते. उत्तर देण्याची घाई मात्र नको, ते मोठ्यांनाही सापडलेले नाही.

मग परदेशी चित्रकार नकोतच का?

हवेत. फक्त नंतर, आणि त्यांची पद्धत दाखवायला. त्यातही हाती कात्री देणारा मातिस सर्वात सोपा. १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याला फार वेळ उभे राहून रंगवणे जमेना. तेव्हा त्याने रंगवलेले कागद कात्रीने कापून चित्रे केली, आधी पेन्सिलीने न आखता. घोटीव कागद, जुन्या लग्नपत्रिका आणि खळ एवढ्यावर हा तास होतो. आखायचे नाही, थेट कापायचे. सुरुवातीला मुले घाबरतात, मग थांबत नाहीत.

सय्यद हैदर रझा यांची गोष्ट तर शाळेतलीच. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात ते लहान असताना लक्ष एका जागी टिकत नसे. शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितले. नागपूर, मुंबई आणि पॅरिस असा प्रवास झाल्यावर तोच ठिपका ‘बिंदू’ म्हणून त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी आला. रझांचा बिंदू रंगवण्याआधी वर्गाने पाच मिनिटे फळ्यावरच्या ठिपक्याकडे शांत बसून पाहावे. काय दिसले, हे ऐकण्यासारखे असते.

मोबाइलवर चित्रे दाखवताना एक गोष्ट निसटते, ती म्हणजे आकार. पडद्यावर कँडिन्स्कीचा छोटा कागद आणि पिकासोचे ‘गेर्निका’ सारखेच दिसतात. गेर्निका सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे. मुलांना दोरी आणि मीटरपट्टी देऊन मैदानावर तेवढा आयत आखायला सांगावा. आत पूर्ण वर्ग उभा राहतो. युद्धाचे चित्र इतके मोठे का केले असेल, हा प्रश्न मग मुलेच विचारतात. गणिताचा तासही त्यातच होतो.

घरी आलेल्या चित्राचे पालकांनी काय करायचे?

‘छान!’ म्हणून चित्र बाजूला ठेवणे सोपे. ‘हा हत्ती आहे का?’ विचारणे त्याहून धोक्याचे, कारण ती म्हैस असू शकते. ‘मला सांग यात काय चालले आहे’ एवढे म्हटले की पुरे. मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहावे, तारीख घालावी. प्रदर्शनासाठी चित्र स्वतः ‘नीट करून’ देऊ नये. शिक्षकांना ते पहिल्या नजरेत कळते आणि मुलालाही.

शाळेनेही भिंतीवर फक्त चांगली चित्रे न लावता सगळी लावावीत, दर पंधरवड्याला बदलावीत, आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावीत. बहुतेक शाळांत चित्रे पंख्याच्या उंचीला टांगलेली असतात, जिथे ती फक्त पाहुण्यांना दिसतात. वीटभट्टीवर निघालेल्या मुलाला त्याची चित्रे जुन्या वर्तमानपत्राच्या पाकिटात घालून सोबत द्यावीत. परत येताना त्यात भर पडलेली असू शकते. भट्टीवर माती असते, कोळसा असतो आणि रचलेल्या विटांच्या भिंतीही असतात.